परड्यातला वसंत: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बागा काय म्हणतात?

वडगावची_जाई

रामराम मंडळी.

रथसप्तमी होऊन गेली. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा, वसंत पंचमी मात्र माघात. आमच्या परड्यातली झाडं माघाच्या बाजूची दिसतात. देशी बदामाची पानं लालभडक होऊन टपाटप पडायला लागलीत आणि ज्या फांदीवरून पान पडलं तिच्याच टोकाला पोपटी कोंब. पानगळ आणि पालवी एकाच झाडावर, एकाच आठवड्यात. शाळेत सहा ऋतू ओळीनं पाठ केले होते, इथं ओळ वगैरे कोण पाळतंय? बेळगाव सुमारे २५०० फुटांवर, त्यामुळं माघातसुद्धा सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. झाडांनी तरी काय समजायचं!

परडं म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. घराच्या मागं, मागाची शेड आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्या मधली पट्टी. वडगाव-शहापूरवाल्यांना मागाची शेड सांगायला नको. बाकीच्यांसाठी: आमच्याकडं पॉवरलूमवर साड्या विणतात, दिवसभर खडखडाट असतो आणि लाईट गेली की मगच परड्यात पक्षी आहेत हे कळतं. तर त्या पट्टीत सासूबाईंनी लावलेला एक आंबा, लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, मोगऱ्याची झुडपं, अबोलीचा एक वाफा, आणि उरलेल्या जागेत मावतील तेवढ्या कुंड्या, डबे, फुटके माठ.

हा धागा काढायचं निमित्त असं की परवा आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'बागेसाठी रोज तासभर शांत वेळ काढा.' वाचून हसूच आलं. शहरातल्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, त्यांचं चालत असेल. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, घागरी भरून होईपर्यंत नळापासून हलता येत नाही. तीच माझी बागेची वेळ. एक कान पिंपाकडं, एक कान कुकरच्या शिट्टीकडं आणि हातात खुरपं. मुलगा यंदा दहावीला; तो आंब्याखाली खुर्ची टाकून समाजविज्ञान मोठ्यानं वाचतो, म्हणजे मलाही पुन्हा पाठ व्हायला लागलंय. सासूबाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता सूचना देतात. यात शांत काही नाही, पण मला या दिवसांतली बाग अशीच आवडते. वेगळा वेळ काढून बागेत जायचं म्हटलं असतं तर मी कधीच गेले नसते.

आता एक बघितलेली गोष्ट. लिंबाच्या कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडलेली दिसली, काडीनं काढायला गेले तर ती शीट चालायला लागली. लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहान असते तेव्हा काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, अंग ओलसर चकचकीत. कुठला पक्षी खाईल असली वस्तू? मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला काडी लावली तर डोक्यामागून दोन तांबूस मऊ शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की मुलगा पुस्तक टाकून बघायला आला. सासूबाई म्हणाल्या चिरड, मुलगा म्हणाला राहू दे. शेवटी वाटणी झाली: कढीपत्ता माणसांचा, लिंबू अळ्यांचा. कढीपत्त्यावर दिसली की उचलून लिंबावर सोडायची.

तर तुमच्या परड्यात, गच्चीत, गॅलरीत सध्या काय चाललंय ते लिहा. माझे दोन प्रश्नही आहेत. आंब्याचा मोहोर सतरंजी अंथरल्यासारखा खाली पडतोय, ते बरोबर आहे का? आणि मोगऱ्याची छाटणी आता, माघ संपत आला असताना केली तर चालेल का?

सीमाप्रश्नासाठी दुसरे धागे आहेत, इथं फक्त कुंपणाच्या आतलं बोलूया. :)

टिळकवाडीकर

पहिला!
व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जातो तिथं तांबट सुरू झालाय. टुक-टुक-टुक, न थांबता. पक्षी केवढासा, बायको म्हणते पंपाचा वॉशर गेलाय कुणाच्या तरी. दयाळही पहाटे शीळ घालायला लागलाय. बागेतलं काही कळत नाही, वाचनखूण साठवली.

मलप्रभेकाठी

जाईताई, मस्त धागा. आम्ही खानापूर तालुक्यातले, कणकुंबीच्या वाटेवरचे. मलप्रभा जिथं उगम पावते तो भाग. आमच्याकडचा वसंत तुमच्यापेक्षा ओला असेल असं लोकांना वाटतं, पण उलट आहे. पावसाळ्यात धो धो पडतो तो सगळा तांबड्या मातीतून आणि जांभ्यातून निथळून जातो, फेब्रुवारीत वरची माती हातात घेतली तर भुसभुशीत कोरडी. तेव्हा ज्यांना वाटतं खानापूरला बाग आपोआप होते, त्यांनी मार्चमध्ये येऊन आमच्या विहिरीतून दोन कळश्या शेंदून दाखवाव्यात.

सध्या परड्यात: फणसाला बुंध्यापासून कुयऱ्या लागल्यात, कोवळी कुयरी भाजीला उतरवायची ती हीच वेळ. काजू मोहोरलाय. जांबोटी रोडला काटेसावरीला एक पान नाही आणि झाडभर लाल फुलं, त्यावर साळुंक्या, कावळे, बुलबुल सगळ्यांचं संमेलन. घरामागं पांगारा आहे, त्याच्यावर शिंजीर उलटा लटकून मध पितो. माकडं रोज येतात. त्यांना पपई पिकायच्या आधी कळते, आम्हाला नंतर.

एक गंमत सांगतो. आमच्या गावात कडुलिंब जवळजवळ नाही. त्याला कोरडी हवा मानवते, आमचा पाऊस त्याला सोसत नाही. पाडव्याला गुढीला बांधायची डहाळी बाजारातून विकत आणावी लागते. अथणीच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात, त्यांच्याकडं दर बांधावर कडुलिंब. एकाच जिल्ह्यातले आम्ही! मग मी त्यांना फणस मागू देत नाही.

आणि हो, मावशी वेंगुर्ल्याची, ती या दिवसांत कुणी घाट चढून येणारं असलं की सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) पाठवते. घरात आला की दुसऱ्या फुलाचा वास येत नाही.

निपाणीचा_मामा

धागा आवडला. जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय का कुणाच्या? आमच्याकडं ऊन तापायला लागलं की हमखास. आमचा घरचा उपाय: तंबाखूच्या काड्या आणि चुरा रात्रभर पाण्यात, सकाळी उकळायचं, फडक्यानं गाळायचं, थोडं साबणाचं पाणी घालून फवारा मारायचा. निपाणीत तंबाखूला काय तोटा! आमच्या आजोबांपासून चालत आलंय. सगळ्या झाडांना चालतं, मिरचीला, टोमॅटोलासुद्धा.

सध्या_पुणे

बेळगाव सोडून बरीच वर्षं झाली, पण 'परडं' वाचलं आणि हिंदवाडीतलं आजोळ आठवलं. इथं पुण्यात पाचव्या मजल्यावर तीन कुंड्या आहेत. तुळस, कोरफड, आणि एक रोप ज्याचं नाव दुकानदारालाही माहीत नव्हतं. तुमच्याकडं अजून सकाळी स्वेटर लागतो हे वाचून जळलो. आपला बेळगावचा गोड कुंदा पाठवा कुणीतरी.

टिळकवाडीकर

@सध्या_पुणे, धागा बागेचा आहे, कुंद्याचा नाही. पण पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.

शेतकी_अण्णा

थोडं सविस्तर लिहितो, आयुष्य यातच गेलंय.

>> आंब्याचा मोहोर सतरंजी अंथरल्यासारखा खाली पडतोय

पडणारच. एका तुऱ्यात हजारावर फुलं असू शकतात. त्यातली बरीचशी नुसती नर. फळ धरू शकतील अशी थोडी. त्यातूनही शेवटपर्यंत टिकणारं फळ तुऱ्यामागं एखाद-दुसरं, काही तुऱ्यांना तेही नाही. सगळी फुलं धरली तर फांदीच मोडेल. तेव्हा खालचा सडा बघून हाय खाऊ नका, खराट्यानं गोळा करून झाडाच्याच आळ्यात टाका.

काळजी कशाची करायची ते सांगतो. तुरा हळूच हलवा. पाचरीसारखे बारीक किडे टुणटुण उडाले, खालची पानं चिकट लागली, त्यावर काजळी धरली, तर तुडतुडे आहेत. तुऱ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी आणि कळ्या तपकिरी, तर भुरी. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी लवकर. उन्हात मारलं तर मोहोर करपतो. पण फुलं पूर्ण उमललेली असताना कसलाच फवारा नको. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात. मोहोराच्या दिवसांत माश्या फार झाल्या म्हणून परड्यात कीटकनाशक मारणारे लोक मी पाहिलेत, आणि पुढं तेच लोक विचारतात की यंदा कैरी का नाही. पाणीही आत्ता नको. फळ वाटाण्याएवढं झालं की मग सुरू करा.

>> मोगऱ्याची छाटणी आता केली तर चालेल का

बेळगावच्या हवेत खरी वेळ संक्रांतीनंतर, थंडी उतरायला लागली की. आधी काही दिवस पाणी तोडायचं, पानं मरगळू द्यायची. मग झुडूप निम्म्यावर आणायचं, राहिलेली पानं हातानं ओरबाडून काढायची, आळं उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि मग पोटभर पाणी. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. जुन्या फांद्या जपत बसलात तर नुसता पाला. माघ संपत आलाय तरी हरकत नाही, छाटा. बहर थोडा मागं जाईल, चैत्राच्या मध्याला धरेल. मात्र ऊन रोज पाच-सहा तास हवं. मागाच्या शेडची सावली किती वेळ पडते तेवढं बघा.

आता @निपाणीचा_मामा, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे, पण हा उपाय परसबागेत नको. निकोटीन विषच आहे. काढा उघड्या हातानं हाताळला तर कातडीतून अंगात भिनतो, मळमळ-चक्कर येते. फुलावर पडला तर मधमाशी मरते. दुसरं, मिरची, टोमॅटो, वांगी ही तंबाखूचीच भावंडं. तंबाखूवरचा मोझॅकचा विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि या भाज्यांना लागतो. बिडी-तंबाखू हाताळलेल्या हातानं मिरचीची रोपं लावू नयेत ते याचसाठी.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी पाईपनं जोरात पाणी मारून पाडा. मग कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूनं. आठवड्यानं परत. आणि मुंग्यांची वाट बंद करा. तो चिकट गोड रस मिळतो म्हणून मुंग्या या ढेकणांची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊन बसवतात. मुंग्या तशाच ठेवून फवारत राहिलात तर उन्हाळा संपेल, कापूस संपणार नाही.

निपाणीचा_मामा

अण्णा, आम्ही उकळतो की! उकळल्यावर कसला विषाणू राहतोय.

शेतकी_अण्णा

चांगलं उकळलंत तर विषाणूचा धोका खूप कमी होतो, मान्य. पण अर्धे लोक नुसतं भिजवलेलं पाणीच मारतात. आणि उकळून निकोटीन जात नाही, उलट नीट उतरतं.

निपाणीचा_मामा

बरं. मिरचीवर मारत नाही. जास्वंदीवर मारणार.

मलप्रभेकाठी

मामा ऐकायचे नाहीत. =))

कंग्राळीची_पोर

जाईअक्का, किती भारी लिहिलीस गं! मी तर जमिनीवर काय लावलोच नाही, जागाच नाही. गच्चीवर निळी पिंपं अर्धी कापून घेतलो, भोकं पाडून घेतलो आणि त्यातच मेथी, कोथिंबीर, दोन टोमॅटो, एक डबल मोगरा लावलो. आता अडचण अशी झालीय बघ, फाल्गुन लागला की आमच्या आईचं वाळवण सुरू. संडगे, पापड, कुरडया, सांडगी मिरची, सगळं गच्चीवर. तिचं म्हणणं, तुझी पिंपं हलव, माझी साडी अंथरायला ऊन पायजे. माझं म्हणणं, झाडालाबी ऊन पायजे. भांडण रोजचं. चिमण्या येतात त्या आधी कुरडया खातात, मग माझी मेथी उपटतात. दोघींचा शत्रू एकच म्हणून सध्या समझोता झालाय: मी दुपारी राखण बसतो, ती सकाळी झाडांना पाणी घालते.

तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी सगळं पिंपात जातं. वाळवणाच्या दिवसात साबुदाण्याची पेज उरते ती घातलो तर चालते का गं? घट्ट असते.

शेतकी_अण्णा

@कंग्राळीची_पोर, पेज घट्ट घालू नका. वर पापुद्रा धरतो, बुरशी येते, मुंग्या लागतात. भरपूर पाणी घालून अगदी पातळ करून, मीठ नसेल तरच. संडग्या-कुरडयांच्या चिकात मीठ असतं, ते झाडाला नको.

कंग्राळीची_पोर

मीठ असतंय की! बरं झालं विचारलो.

पेव्हरवाले_काका

सगळं ठीक आहे, पण या दिवसांतला खरा प्रश्न पाचोळा. रोज पोतंभर पानं. मी सरळ ढीग करून संध्याकाळी पेटवतो. धुरानं डासही जातात. परड्यात पेव्हर घातल्यापासून झाडायलाही सोपं झालंय.

वडगावची_जाई

काका, तुमचं नाव वाचूनच घाबरले होते. :) आमच्या गल्लीतही संध्याकाळ झाली की हाच धूर. मुलाला दमा आहे, परीक्षेच्या दिवसांत रात्रभर खोकतो. आणि पानं जाळून लोक दुसऱ्या दिवशी खत विकत आणायला जातात, हे कोडं मला सुटलेलं नाही.

मलप्रभेकाठी

पाचोळा भाजायचा म्हणजे आमच्याकडं भाताच्या तरव्यासाठी (रोपं तयार करायच्या वाफ्यासाठी). तेवढी जमीन भाजून घ्यायची जुनी रीत आहे, कारणं वेगळी आहेत. परड्यातला पाचोळा पेटवायचा म्हणजे निव्वळ नासाडी. आमच्या तांबड्या मातीत तर पाचोळा हेच पाणी. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच थर द्या, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी चढते. वर शेणपाणी शिंपडा. माझ्या लिंबांना एरवी एक दिवसाआड पाणी लागायचं, थर दिल्यापासून त्याच्या निम्म्यानं भागतंय. पावसाळा आला की सगळं कुजून खाली काळी माती तयार. सापाची भीती घालणारे लोक असतात, म्हणून घराला लागून थर देऊ नका आणि हात घालण्याआधी काठीनं हलवा, एवढं पाळलं की झालं.

आणि काका, पेव्हर घातल्यावर पावसाचं पाणी जातं कुठं? विहिरीत की रस्त्यावर?

पेव्हरवाले_काका

रस्त्यावर. पण चिखल होत नाही हो! वयस्कर माणसं घसरतात, म्हणून घातले. तुम्ही तरुण आहात. पाचोळ्याचं बघतो, एका कोपऱ्यात ढीग करून बघतो. डासांचं काय पण?

शेतकी_अण्णा

काका, डास पाचोळ्यात नाहीत, साठलेल्या पाण्यात होतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटके माठ, कूलरची टाकी, आठवड्यातून एकदा पालथं घाला. जाईताईंकडंही फुटके माठ आहेत, वाचलंय मी.

वडगावची_जाई

माठांना भोकं आहेत अण्णा, हजेरी घेऊ नका. :)

बरं, प्रगती कळवते. मोगरा निम्म्यावर आणला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, भुंडा केला म्हणून. शेजारच्या गौराक्का भिंतीवरून बघत होत्या, त्या कन्नडमधून सासूबाईंना समजावत होत्या की त्यांच्या माहेरी बैलहोंगलला असंच करतात. माझं ऐकलं नाही ते त्यांचं ऐकलं. कापलेल्या काड्यांतल्या बऱ्या बघून गौराक्कांनी नेल्या, त्या बदल्यात त्यांच्याकडची दुधी अबोली आलीय. आमच्याकडं नारिंगीच होती.

आंब्याचा तुरा हलवून पाहिला. काही उडालं नाही, एक कोळी तेवढा रागावून खाली उतरला.

शेतकी_अण्णा

कोळी आहे म्हणजे औषधं मारत नाही तुम्ही, चांगली खूण. मोगऱ्याच्या काड्या लावताना गौराक्कांना सांगा, पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सावलीत ठेवायची, माती ओलसर पण चिखल नको. फुटवा आला म्हणून लगेच उपटून मुळं बघायची नाहीत. हे मी सगळ्यांनाच सांगतो आणि सगळे उपटून बघतात.

अथणीचा_गडी

आम्हीच ते पोट धरून हसणारे पाहुणे. कडुलिंब पाहिजे तेवढा न्या, फणस द्या.

माझा प्रश्न अण्णांना. घरापुढं काळी माती, बोअरचं पाणी. बादलीला आतून पांढरा थर बसतो इतकं जड. मोगरा आणि गुलाब दोन्ही पिवळे पडलेत. पण कोवळी पानंच पिवळी, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जाळीच काढल्यासारखी. खालची जुनी पानं चांगली आहेत. शेणखत घातलं, युरिया घातला, फरक शून्य. द्राक्षाची काढणी सुरू आहे, घरातलं कुणी बागेकडं बघायला रिकामं नाही. आई तेवढी रोज येऊन म्हणते, फुलं नाहीत देवाला.

शेतकी_अण्णा

वर्णन इतकं नेमकं दिलंत की फोटोची गरज नाही. लोहाची कमतरता आहे. तुमच्या मातीत लोह नाही असं नाही, पण चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि वरून तसल्याच जड पाण्यात ते असं बांधलं जातं की मुळांना उचलता येत नाही. युरियानं काही होणार नाही. नत्र कमी पडतं तेव्हा खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, शिरांसकट. लोह कमी पडलं की शेंड्याची पानं, आणि शिरा हिरव्या राहतात.

हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळायचं, नाहीतर द्रावण लगेच तांबूस होतं आणि लोह वाया जातं. ताजं करून लगेच, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. जुनं पिवळं पान हिरवं होईलच असं नाही, नवी फूट बघायची. फरशीवर उडालं तर तांबडे डाग पडतात, ते निघत नाहीत, आधीच सांगतो. कायमचा उपाय म्हणजे आळ्यात पाचोळा आणि शेणखत दरवर्षी, आणि पावसाचं पाणी पिंपात धरून मोगऱ्याला तेच द्यायचं. तुमच्याकडं पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, पण दोन झुडपांना पत्र्यावरचं पुरेल. अजून खात्री हवी तर गोकाकजवळ अरभावीला बागायतीचं कॉलेज आहे, तिथं चौकशी करा.

मलप्रभेकाठी

म्हणजे आमच्या तांबड्या मातीत लोह उतू जातंय आणि अथणीला झाडं उपाशी. कडुलिंबाच्या बदल्यात एक पोतं माती पाठवू का?

शेतकी_अण्णा

कुंडी भरायला पाठवा, चालेल. जमिनीत घालून उपयोग नाही, चुनखडी तिलाही आपल्यासारखी करून टाकेल.

वडगावची_जाई

हे ठरूनच जाऊ दे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी अथणीकडून कुणी बेळगावला येणार असेल तर कडुलिंबाच्या डहाळ्या आमच्याकडं ठेवा, मलप्रभेकाठी येऊन नेतील. माती आणि फणसाची कुयरी त्यांनी आणावी. गौराक्कांच्या घरी युगादीला बेवु-बेल्ल (कडुलिंब-गूळ) असतंच, त्यांनाही कडुलिंबाचा ताजा मोहोर हवाय. कंग्राळीच्या पोरी, तुझ्यासाठी दुधी अबोलीचं रोप बाजूला काढते, पिंपात छान होईल. सांडगी मिरची घेऊन ये.

कंग्राळीची_पोर

येतो अक्का! आईला विचारून आणतो, मोजून ठेवती ती.

सध्या_पुणे

आणि आमचा कुंदा?

टिळकवाडीकर

व्यनि बघा.

अथणीचा_गडी

रविवारी आमचा टेम्पो बेदाणे घेऊन येतोय, डहाळ्या बांधून पाठवतो. अण्णा, हिराकस इथल्या दुकानात मिळालं, पण बरणीतलं आहे, पिवळट-तपकिरी पूड. चालेल का?

शेतकी_अण्णा

नको. चांगलं हिराकस फिकट हिरव्या खड्यांचं असतं. तपकिरी पडलं म्हणजे हवा लागून गंजलं, ते झाडाला लागू पडत नाही. कृषी केंद्रातून बंद पाकीट घ्या. आणि फवारा द्राक्षाच्या पंपानं मारू नका, त्यात आधीच्या औषधाचा अंश राहिलेला असतो. घरातला साधा स्प्रे वापरा. देवाला जायची फुलं आहेत.